पंचेचाळिसाव्या दिवसाच्या आधी



पशुवैद्यकांच्या या दोन दिवसांच्या संमेलनात केमोथेरपीवर, मोडलेल्या हाडांवर, मांजरांच्या मूत्रपिंडांवर उत्तम व्याख्यानं आहेत. जंतांवर एकही नाही. त्यात नवल काही नाही. जंत हा आपल्याला सुटलेला विषय वाटतो: वजन बघायचं, गोळी द्यायची, पुस्तिकेत शिक्का मारायचा. अध्यक्षाला मिळालेला वेळ मी आज या शिक्क्यासाठी वापरणार आहे.

पिल्लू दीड महिन्याचं झालं की पहिल्या लशीसाठी आपल्याकडे येतं. त्याच भेटीत त्याला जंताचं औषध पाजलं जातं. मालकाच्या लेखी आणि बरेचदा आपल्याही लेखी डीवॉर्मिंगची ही सुरुवात. टॉक्सोकॅरा कॅनिस या गोलकृमीचं वेळापत्रक मात्र वेगळं आहे. कुत्रीच्या स्नायूंत निपचित पडलेल्या अळ्या गाभणपणाच्या शेवटच्या तीन आठवड्यांत जाग्या होतात आणि वार ओलांडून पिल्लांच्या यकृतात शिरतात. पिल्लू जन्माला येतं ते जंत घेऊनच. ते तीन-चार आठवड्यांचं होईतो त्याच्या आतड्यात अंडी घालणाऱ्या माद्या तयार असतात, आणि एकेका मादीची दिवसाची अंडी लाखाच्या घरात जाऊ शकतात. आपण पंचेचाळिसाव्या दिवशी शिक्का मारतो तोवर ती अंडी गोणपाटावर, गॅलरीत, अंगणात दोन-तीन आठवडे पडत आलेली असतात.

म्हणून १५ दिवसांचं पिल्लू झालं की पहिला डोस, मग दूध तुटून दोन आठवडे होईपर्यंत दर पंधरा दिवसांनी, आणि पुढे सहा महिन्यांचं होईपर्यंत महिन्यातून एकदा, हा क्रम पाठ्यपुस्तकांत कधीपासून छापलेला आहे. पिल्लांबरोबर आईलाही औषध द्यायचं, कारण ती त्यांना चाटून स्वच्छ करते आणि त्यांचे जंत स्वतःच्या पोटात घेते. हे आपल्याला माहीत नाही असं नाही. अडचण अशी की पंधराव्या दिवशी पिल्लू आपल्याकडे नसतंच. ते ब्रीडरच्या शेडमध्ये असतं, किंवा सोसायटीच्या जिन्याखाली. त्याचा भावी मालक अजून नावच शोधत असतो.

तेव्हा आपल्याला गाठायची आहे ती आई. ती आपल्याकडे येते, पण सोनोग्राफीला. पिल्लं किती आहेत ते आपण मोजतो, मालक फोटो मागतो, आणि भेट संपते. जंतांचं बोलणं त्याच टेबलावर व्हायला हवं. गाभणपणाच्या चाळिसाव्या दिवसापासून व्यायल्यानंतरच्या चौदाव्या दिवसापर्यंत रोज फेनबेंडाझोल दिलं, तर पिल्लांकडे जाणाऱ्या अळ्यांचं प्रमाण खूप घटतं. रोजच्या औषधाचा हा लकडा प्रत्येक घरी जमणार नाही, मान्य. पण जिथे वेतामागून वेत होतं आणि पिल्लं विकली जातात, तिथे तो आग्रहाने सांगायला हवा. एरवीचं तिमाही औषध आईच्या आतड्यातले जंत काढतं. स्नायूंतल्या अळ्यांपर्यंत ते पोचत नाही, आणि तेवढ्या साठ्यावर पुढची अनेक वेतं बाधित होऊ शकतात. ‘आईचं डीवॉर्मिंग झालंय’ एवढ्या उत्तरावर आपण समाधान मानू नये, ते यासाठी.

अंकुशकृमीची गोष्ट याहून क्रूर आहे. अँकिलोस्टोमा कॅनिनमच्या अळ्या दुधातून येतात. दोन-तीन आठवड्यांचं गुटगुटीत पिल्लू अचानक मलूल होतं, हिरड्या पांढऱ्याफटक पडतात, शी काळी डांबरासारखी होते. मालक म्हणतो, आईचं दूध बाधलं. आपण मनात हसतो, पण या एका बाबतीत मालक आपल्यापेक्षा खऱ्याच्या जवळ असतो. अशा पिल्लाची विष्ठा तपासली तर अंडी दिसतीलच असं नाही. जंत रक्त आधी पितात, अंडी नंतर घालतात. तिथे अहवालाची वाट पाहायची नसते. जंतनाशक द्यायचं, आणि रक्त फारच उतरलं असेल तर रक्तही द्यायचं.

एरवी मात्र तपासणीला पर्याय नाही. आपल्यापैकी किती दवाखान्यांत रक्त तपासणारं लाखोंचं यंत्र आहे आणि सूक्ष्मदर्शकावर मात्र कापड घातलेलं आहे, हे मी विचारत नाही. मिठाचं संपृक्त द्रावण, एक नळी, काचेची पट्टी आणि पंधरा-वीस मिनिटं, एवढ्यात गोलकृमी, अंकुशकृमी, चाबूककृमी ओळखू येतात. डिपिलिडियम हा पट्टकृमी बहुतेकदा यातून निसटतो. त्याच्यासाठी मालकाची नजरच उपयोगी पडते: शेपटीखाली, अंथरुणावर काकडीच्या बियांसारखे, सुरुवातीला वळवळणारे तुकडे. त्यावर प्राझिक्वांटेल दिलं की महिन्याभरात मालक तीच तक्रार घेऊन परत येतो आणि औषधाला नावं ठेवतो. औषध बरोबर होतं. हा कृमी पोटात नेणाऱ्या पिसवा तशाच राहिल्या होत्या.

मालकांच्या समजुती हा वेगळ्या परिसंवादाचा विषय आहे. गोड खाल्लं की जंत होतात, हे तर आपल्या घरातल्या आज्यासुद्धा सांगत आल्या. ढुंगण घासत चालणारा कुत्रा म्हणजे जंतच. प्रत्यक्षात बऱ्याचदा गुदग्रंथी भरलेल्या असतात. या समजुती निरुपद्रवी. लसूण ठेचून चारण्याची मात्र नाही, कारण लसणाने कुत्र्यामांजरांच्या तांबड्या पेशी फुटतात, मांजरांच्या अधिकच. आणि शाळेतून मुलाला मिळालेली अल्बेंडाझोलची गोळी ‘अर्धी याला’ म्हणून देण्याची तर मुळीच नाही. कुत्र्यामांजरांत त्या औषधाने अस्थिमज्जा दबल्याच्या नोंदी आहेत, गाभण मादीत तर ते टाळायचंच.

त्या गोळीवरून आठवलं. २०१५ पासून आपल्या देशात १० फेब्रुवारीला राष्ट्रीय जंतनाशक दिन पाळला जातो, १ ते १९ वयाच्या मुलांना अल्बेंडाझोल दिलं जातं. चांगलाच उपक्रम आहे. पण ज्या मैदानात ती मुलं संध्याकाळी खेळतात, तिथल्या मातीतल्या टॉक्सोकॅराच्या अंड्यांचा त्या मोहिमेशी संबंध येत नाही. ही अंडी ताजी असताना बाधत नाहीत, आत अळी तयार व्हायला साधारण दोन आठवडे किंवा जास्त लागतात. म्हणून कुत्र्याला कुरवाळण्यापेक्षा मातीचे हात तोंडात जाण्याचा धोका मोठा. एकदा पक्व झालेलं अंडं मातीत वर्षानुवर्षं टिकतं, फिनाईलला दाद देत नाही. माणसाच्या शरीरात अळीचा जंत होत नाही, ती भटकत राहते: यकृतात, फुप्फुसात, कधी डोळ्यात. १९५० साली हेलेनॉर कॅम्पबेल वाइल्डर यांनी शस्त्रक्रियेने काढलेले ४६ डोळे तपासले आणि त्यांतल्या २४ डोळ्यांत कृमींच्या अळ्या किंवा त्यांचे अवशेष सापडले. कर्करोगाच्या संशयाने मुलांचे डोळे काढले जात होते, आणि आत होती एक अळी. पुढे त्यातल्या काही टॉक्सोकॅराच्या असल्याचं ठरलं. मालकाला घाबरवायला हे सांगू नका. शी उचलण्याची पिशवी सोबत ठेवायला का सांगतो, हे समजावताना सांगा.

रस्त्यावरच्या कुत्र्यांचं काय, हा प्रश्न तुमच्या चेहऱ्यावर दिसतो आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशात पकडलेल्या कुत्र्यांचं निर्बीजीकरण, लसीकरण यांबरोबर जंतनिर्मूलनही आहे. चर्चा झाली ती पहिल्या दोन गोष्टींची. एका डोसाने मोकाट कुत्रा वर्षभर जंतमुक्त राहील, असं मला वाटत नाही. मातीत अंडी आहेत तोवर तो पुन्हा बाधित होणारच. निर्बीजीकरणाचा खरा लाभ मला दुसरीकडे दिसतो: जी मादी विणार नाही, तिच्या पोटी बाधित पिल्लंही येणार नाहीत.

एकायनोकॉकसचं गणित तर नुसत्या गोळीने सुटतच नाही. काही मिलिमीटरचा हा पट्टकृमी कुत्र्याच्या आतड्यात असतो, कुत्र्याला त्याची खबरही नसते. मेंढीत आणि माणसात त्याच्या पाण्याने भरलेल्या गाठी होतात. कुत्र्याला तो मिळतो गाठी असलेलं यकृत-फुप्फुस कच्चं खाऊन. न्यूझीलंडने १९५९ साली हायडॅटिड्स कायदा केला, मेंढपाळांच्या कुत्र्यांना नियमित औषध दिलं, कच्ची आतडी-काळजं चारण्यावर बंदी घातली, आणि २००२ साली देश या रोगातून तात्पुरता मुक्त जाहीर झाला. सुरुवातीच्या काळात वापरलेलं औषध होतं अॅरेकोलिन, म्हणजे आपल्या कोकणातल्या सुपारीतलं द्रव्य. त्याने कुत्र्याला जुलाब होत आणि जंत बाहेर पडत. आज आपल्या हाती प्राझिक्वांटेल आहे, कितीतरी सरस. नाही ती शिस्त. पावसाळा संपल्यावर माणदेशातून कोकणाकडे उतरणाऱ्या धनगरांच्या कळपांत वाटेत मेंढी मेली तर कुत्रे काय खातात, आणि आपल्या शहरांतल्या मटणाच्या दुकानामागे दुपारी काय टाकलं जातं, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. पालिकेच्या आरोग्य विभागाबरोबर बसून कत्तलखान्याच्या कचऱ्यावर बोलणं हे पाळीव प्राण्यांच्या डॉक्टरचं काम आहे, असं मी मानतो. काहींना ते पटणार नाही.

राहिला प्रतिकाराचा प्रश्न. अमेरिकेत शर्यतीतून निवृत्त झालेल्या ग्रेहाउंड कुत्र्यांत एकाहून अधिक औषधगटांना न जुमानणारे अंकुशकृमी सापडले आहेत. तिथे पिढ्यान्‌पिढ्या वारंवार औषधं दिली गेली, आणि जे जंत वाचले त्यांचीच प्रजा वाढली. आपल्या कुत्र्यांत काय चाललं आहे ते औषध दिल्यानंतर १० ते १४ दिवसांनी विष्ठा पुन्हा तपासल्याशिवाय कळणार नाही. निदान अंकुशकृमीच्या प्रत्येक रुग्णात ही दुसरी तपासणी करा, आणि तिचे पैसे घ्यायला लाजू नका.

या संमेलनाच्या कार्यकारिणीपुढे मी दोन गोष्टी ठेवल्या आहेत. लसीकरणाच्या पुस्तिकेत आईच्या औषधाचा आणि पिल्लाच्या पंधराव्या दिवसाचा रकाना असावा, आणि ती पुस्तिका ब्रीडरच्या हाती आधी जावी. तसंच ‘जंतनाशक दिले’ या ओळीखाली ‘विष्ठा तपासली’ अशी एक ओळ असावी. ती रिकामी राहिली तर मालकाला दिसेल.

उद्या सकाळी नऊ वाजता सूक्ष्मदर्शकांवर बसून काम करण्याचं सत्र आहे. नमुने ताजे आणा, प्रत्येक डबीवर प्राण्याचं वय आणि शेवटच्या औषधाची तारीख लिहा. आणि मुक्कामाच्या खोलीतल्या फ्रीजमध्ये डबी ठेवणार असाल, तर शेजारच्या खाटेवरच्या सहकाऱ्याला आधी सांगा.