सीपॅप लावल्यावर नाक का चोंदतं?

मागच्या भागात सीपॅप मशीन कशासाठी लागतं ते बोललो. आज तक्रारींकडे येऊ. पेशंट मशीन पिशवीत घालूनच घेऊन येतात, "डॉक्टर, हे परत घ्या. रात्री नाक बंद होतं, सकाळी घशाला कोरड."

बहुतेक वेळा दोष उघड्या तोंडाचा असतो, मशीनचा नव्हे.

आपलं नाक आत येणाऱ्या हवेला ऊब आणि ओल देतं, बाहेर जाणाऱ्या श्वासातून त्यातली थोडी परत घेतं. झोपेत तोंड उघडलं की मशीनची हवा नाकातून शिरते आणि तोंडातून निसटते. नाकाला परतीचं काही मिळतच नाही. तासन्‌तास एकाच दिशेने वारा. अस्तर कोरडं पडतं, सुजतं, नाक चोंदतं. मग तोंड आणखी उघडतं! ही गोष्ट 1996 मध्ये सिडनीतल्या कॉलिन सलिव्हन यांच्या गटाने मोजून दाखवली. 1981 मध्ये हा उपचार जगापुढे आणणारे हेच सलिव्हन, बरं का.

उपाय म्हणजे गरम ह्युमिडिफायर. "मुंबईची हवा दमट, मग पाणी कशाला?" असं विचारतात. अहो, बेडरूममध्ये एसी चालू असतो ना! तो हवेतली ओल काढून घेतो. आता त्याच गार खोलीत नळीत पाणी साचून गुडगुड आवाज येऊ शकतो. तेव्हा नळी पांघरुणाखाली घ्या. टाकीत डिस्टिल्ड पाणी घाला, रोज बदला, टाकी धुऊन वाळवा.

झोपण्यापूर्वी सलाईनचा स्प्रे चालतो. नाक झटपट मोकळं करणारे ऑक्सिमेटाझोलिनचे थेंब मात्र रोज नकोत. काही दिवसांनी तेच नाक चोंदवतात. तोंड उघडं राहतच असेल तर नाक-तोंड दोन्ही झाकणारा मास्क बघू.

शिंकरताना रक्ताची रेघ दिसली तर ती बहुधा कोरडेपणाची. वारंवार किंवा जास्त आलं तर नाक तपासून घ्या.

आणि एक, दाब मनाने कमी करू नका. तो साधारण 4 ते 20 सेंटिमीटर पाण्याच्या हिशेबात लावतात, तुमचा आकडा तपासणीतून ठरलेला असतो. कमी केलात की घसा पुन्हा मिटतो, श्वास अडतो. मशीनच्या स्क्रीनवर लीकचा आकडा असतो. आठवडाभराचे आकडे लिहून आणा, मग बोलू.