गाव सोडलेल्यांची मंडळी
(शताब्दी सोहळ्याच्या सभेत दिंडीच्या वतीने केलेले भाषण)





शंभर वर्षांचा हिशेब मांडायला आम्ही बसलो, अन् पहिल्याच बैठकीत वाद झाला. दिंडीच्या वहीत जी नावं आहेत, त्यातली कितीतरी पोरं आता पुण्याला, चाकणला, सुरतेला आहेत. चार-चार वर्षं वारीला नाहीत, भिशी नाही. एक जण म्हणाले, "नावं खोडा, उगीच वही कायले जड करता?" दुसरे म्हणाले, "नाव खोडलं तर तो परत येईन कशाले?" त्या दिवशी निकाल लागला नाही. पण त्यातूनच आम्हाला समुद्रापार गेलेल्या मराठी माणसांची गोष्ट आठवली. ती आज सांगतो.

मॉरिशस नावाचं बेट हिंदी महासागरात आहे. इंग्रजांनी गुलामगिरी बंद केली तेव्हा तिथल्या ऊसमळ्यांना मजूर मिळेनात. मग 1834 पासून आपल्या देशातून करारावर माणसं नेली. त्या कराराला लोक गिरमिट म्हणत. बहुतेक कलकत्त्याच्या बंदरातून गेले, काही मद्रासहून, अन् मुंबईच्या बंदरातून आपली मराठी माणसं गेली. त्यात रत्नागिरी, सावंतवाडीकडची पुष्कळ. पाच वर्षांचा करार. एक दिवस खाडा झाला तर दोन दिवसांची मजुरी कापत. आपल्या लोणार, सिंदखेडराजाकडून ऊसतोडीला जाणाऱ्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको. उचल, मुकादम, कोयता सगळं ओळखीचं. फरक इतकाच, की ऊसतोडीवाला पट्टा पडला की घरी येतो. तिकडे गेलेल्यांतले बरेच परत आलेच नाहीत.

पोर्ट लुईस बंदरात ज्या सोळा पायऱ्या चढून हे मजूर वर आले, त्या आजही जपल्या आहेत. आप्रवासी घाट म्हणतात त्याला. 2006 मध्ये ती जागा जागतिक वारशात घेतली. आपण नामदेव पायरीला हात लावून पुढं जातो, म्हणून आम्हाला त्या पायऱ्यांचं विशेष वाटतं.

बंदरावर नाव लिहून घेताना माणसाचं अन् बापाचं नाव लिहीत. कित्येकांची आडनावं तिथंच सुटली. पुढं घरातली बोलीही बदलली, क्रिओल अन् भोजपुरी तोंडात बसली. पण दिवसभर ऊस तोडून माणसं संध्याकाळी बैठकीत जमत. बैठका म्हणजे मळ्यावरचं साधं घर. तिथंच पूजा, तिथंच भजन, तिथंच पोरांना अक्षरं गिरवायला लावायची. कोकणातली जाखडी तिकडे झाकरी झाली अन् गणपतीपुढं नाचली गेली. म्हणजे बघा, भाषा बोलण्यातून गेली, गाण्यातून गेली नाही.

1902 साली वाक्वा या गावी मराठी प्रेमवर्धक मंडळी उभी राहिली. नाव नीट ऐका: मंडळी. क्लब नाही, असोसिएशन नाही. आपण भजनी मंडळी म्हणतो, तोच शब्द. पुढं गावोगावच्या मंडळ्या 1960 मध्ये एकत्र आल्या अन् मॉरिशस मराठी मंडळी फेडरेशन झालं. देश स्वतंत्र झाला 1968 ला, म्हणजे ही मोट त्याआधीच बांधली गेली होती. आज गणेश चतुर्थीला त्या देशात सरकारी सुट्टी असते, मराठी शाळेत शिकवली जाते. 2023 साली तिथं शिवछत्रपतींचा पुतळा उभा राहिला. सिंदखेडराजा आपलं, जिजाऊंचं माहेर आपलं. तिचा लेक इतक्या दूर पोचला याचा आनंद आपल्या जिल्ह्याला जरा जास्तच व्हावा!

आणखी एक. महाशिवरात्रीला तिथले हिंदू लोक गंगा तलावापर्यंत पायी चालत जातात, खांद्यावर कावड घेऊन. पंढरपूर तिथं नेता आलं नाही, पण चालणं नेलं.

आता आपल्या वहीकडं येऊ. त्या लोकांना तर परत येणं सोपं नव्हतं. चाकणचा पोरगा एका रात्रीत मेहकरला येतो. तो वारीला येत नाही, यात सगळा दोष त्याचाच आहे असं आम्हाला वाटत नाही. सुट्टी मिळत नाही हे खरं. पण त्याला कुणी बोलावलं का? वारीची तारीख तरी कळवली का? आम्ही स्वतःलाच विचारलं तर उत्तर देता येईना. पेरणीच्या घाईत आपल्यालाच फुरसत नसते, त्याला कोण कळवणार.

म्हणून असं ठरलं आहे. एकही नाव खोडायचं नाही. बाहेरगावच्या पोरांनी मिळून एका मुक्कामाची पंगत आपल्याकडं घ्यावी. ज्याला पूर्ण वारी जमत नाही त्यानं त्या दिवशी यावं, वाढावं, दोन मैल चालावं. मुक्काम कोणता, ते त्यांनीच सांगायचं. वही विणेकऱ्यांजवळ आहे. ज्यांचं लेकरू बाहेरगावी आहे, त्यांनी आज प्रसाद घेऊन जाण्याआधी त्याचा फोन नंबर नावापुढं लिहून द्यावा. पेन बांधून ठेवला आहे.

रामकृष्ण हरी.