दोनशे ग्रॅमची गोष्ट

(मंडळाच्या चैत्रगौरीच्या हळदीकुंकवात यंदा केलेल्या भाषणाचं शब्दांकन)

मैत्रिणींनो, आणि पुढच्या ओळीत बसलेल्या सगळ्या काकू-मावशींनो,

आंब्याची डाळ आणि पन्हं झाल्यावर मला वजनावर बोलायला उभं केलंय. कार्यक्रम कुणी आखला ते विचारत नाही. मी डॉक्टर नाही, आहारतज्ज्ञही नाही. ३१ वर्षं शाळेत गणित शिकवलं, त्यामुळे आकड्यांवर बोलते.

२०२१च्या दिवाळीनंतर माझं वजन होतं ८४ किलो. आज आहे ७५ किलो ८०० ग्रॅम. म्हणजे ४१ महिन्यांत ८ किलो २०० ग्रॅम. भागाकार करा, महिन्याला बरोबर २०० ग्रॅम येतात. आपल्या इंदुरात दोनशे ग्रॅमला कोण विचारतं? शेव घ्यायला गेलो तरी पाव किलोच्या खाली कुणी तोलत नाही. हसा, पण एवढंच उतरलंय. माझ्या उंचीला मी आजही जाडच आहे, तेव्हा इथे कुणी 'आधी आणि नंतर'चे फोटो शोधत असेल तर निराशा होईल.

आधी फजितीचं सांगते. २०१६ साली मुलाचं लग्न ठरलं. शालूत नीट दिसायचं म्हणून एका ठिकाणी पैसे भरले. सकाळी काढा, दुपारी सूप, रात्री काकडी. तीन महिन्यांत ११ किलो उतरले. मांडवात सगळ्यांनी वाहवा केली. आणि दीड वर्षात १४ किलो परत आले, म्हणजे तीन किलो व्याजासकट. तेव्हा मी स्वतःलाच नावं ठेवली. मला जिभेवर ताबा नाही, मी लोभी आहे, असं खरंच वाटायचं. पुढे वाचलं की ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी २०११मध्ये एक गोष्ट दाखवून दिली होती. झपाट्यानं वजन उतरवलेल्या माणसांत भूक वाढवणारी संप्रेरकं वर्षभरानंतरही चढलेलीच होती. शिवाय हलक्या शरीराला ऊर्जाही कमी लागते. म्हणजे भूक जास्त आणि गरज कमी. त्यात उपाशी राहून चरबीबरोबर स्नायूही जातात. हे आधी कळलं असतं तर निदान रडले नसते.

मग २०२१ची तपासणी. तीन महिन्यांच्या सरासरीची साखर ६.३ निघाली. ६.५ला मधुमेह म्हणतात. माझ्या आईला मधुमेह होता. शेवटची दोन वर्षं आठवड्यातून दोनदा डायलिसिस. मी शाळेतून अर्धी रजा टाकून तिला रिक्षातून न्यायचे, आणि येताना ती डोळे मिटून माझ्या खांद्यावर टेकायची. तो कागद हातात घेतल्यावर मला शालू आठवला नाही, ती रिक्षा आठवली.

या खेपेला ठरवलं, जे सत्तराव्या वर्षीही करता येईल तेवढंच करायचं. आणि एका वेळी एकच.

पहिला नंबर चहाचा. दिवसाला पाच कप, प्रत्येकी दोन चमचे साखर. एकदम बंद केली असती तर चौथ्या दिवशी घरात भांडण झालं असतं. म्हणून दर दोन महिन्यांनी पाव चमचा कमी केली. पाव चमच्याचा फरक जिभेला तीन-चार दिवस कळतो, मग कळत नाही. दोन चमच्यांवरून अर्ध्यावर यायला पूर्ण वर्ष लागलं. आता कुणाकडे गोड चहा दिला तर मलाच पाक प्यायल्यासारखा वाटतो. जीभ बदलते, पण तिला वेळ लागतो.

मग तेल. आम्हा दोघांना महिन्याला तीन किलो लागायचं. मी फक्त बरणी बदलली. महिन्याच्या एक तारखेला दोन किलो मोजून भरायचं, संपलं तर नवीन आणायचं नाही. पहिल्या महिन्यात २३ तारखेलाच बरणी रिकामी. उरलेला आठवडा उकड, भाकरी, वरण आणि ह्यांची कुरकुर. चौथ्या महिन्यापासून जमलं.

पोह्यांचं विचाराल. पोहे सोडले नाहीत, इंदुरात राहून ते पाप कोण करेल! पण बशीत अर्धे पोहे आणि अर्धे मटार, मोड आलेली मटकी, कांदा. जिरावण हवं तेवढं. शेव पूर्वी डब्यातून ओतायचे, आता चमच्यानं घेते. सराफ्यातही जाते, महिन्यातून एकदा, जेवून नाही तर उपाशी. पूर्वी घरी जेवून वर तिथे खायचो, तो हिशेब कुणी धरतच नव्हतं. आणि एकादशीबद्दल एवढंच म्हणेन की साबुदाणा खिचडीच्या दिवशी माझं वजन कधीच उतरलेलं नाही.

आता मुख्य गोष्ट. दुसऱ्या वर्षी ऑगस्ट ते डिसेंबर काटा ७९वर जो बसला तो हलेना. पाच महिने! सगळं तसंच चालू होतं, रोज जेवणानंतरची शतपावलीही. एक दिवस ह्यांना म्हटलं, आता पुरे, कचोरी आणा. त्यांनी आणली, मी खाल्ली, दुसऱ्या दिवशी वजन ८०. तेव्हा मात्र डोक्यातली गणिताची बाई जागी झाली. एका कचोरीचं वजन किलोभर असतं का? मीठ जास्त गेलं की शरीर पाणी धरतं, पोट साफ नसलं की काटा चढतो. एका दिवसात किलो-दीड किलो इकडेतिकडे सहज होतं. चरबी मात्र ग्रॅमांनी उतरते. रोजचा आकडा हे एका मुलाचे गुण, त्यावरून वर्गाचा निकाल सांगायचा नसतो. तेव्हापासून महिन्याची सरासरी काढते आणि कमरेला टेप लावते. त्या पाच महिन्यांत कंबर ३ सेंटीमीटर कमी झाली होती. शिंपीणबाईंनी ब्लाउजला टाके घातले तेव्हा मला आठवलं, काट्याला ते ठाऊकच नव्हतं.

आणि एक अभ्यास सांगते, कारण त्यानं मला फार धीर दिला. चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांनी मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या ५३१ भारतीयांवर तो केला, २००६ साली प्रसिद्ध झाला. नेहमीसारखंच राहिलेल्या गटात तीन वर्षांत शंभरातल्या ५५ जणांना मधुमेह झाला. चालणं वाढवून खाणं सुधारलेल्या गटात ३९ जणांना. आणि गंमत म्हणजे या दुसऱ्या गटाचं सरासरी वजन फारसं उतरलंच नव्हतं! म्हणजे काटा गप्प असतानाही आत काम चाललेलं असतं. माझी साखर आज ५.८ आहे.

दोन सूचना. इन्सुलिन किंवा साखरेच्या गोळ्या चालू असतील त्यांनी जेवण कमी करण्याआधी, उपास धरण्याआधी डॉक्टरांना विचारा, साखर एकदम खाली जाऊ शकते. आणि काही न करता वजन भराभर उतरत असेल तर आनंद मानू नका, तपासून घ्या.

परवा सूनबाई म्हणाली, "आई, अजून दहा किलो उतरायला चार वर्षं लागतील की हो." मी म्हटलं, चार वर्षं तशीही जाणारच आहेत.

प्रश्न असतील तर विचारा. फक्त आजच्या पन्ह्यात गूळ किती होता हे मला विचारू नका, मी दोन पेले घेतलेत.