चूल विझू नये म्हणून



उत्तर चेन्नईतल्या एका बालगृहात दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी गेले होते. कोठीत मिठाईचे डबे छताला टेकले होते. स्वयंपाकघरातल्या अम्मांनी तांदळाच्या पिंपाचे झाकण उचलून दाखवले. तळाशी पितळी 'पडी', म्हणजे इकडचे धान्य मोजायचे माप, आडवी पडली होती. त्या म्हणाल्या, "आज सगळ्यांना आमची आठवण येते. पोंगल झाल्यावर कोण येणार?"

बालगृहे, वृद्धाश्रम आणि वसतिगृहे चालवणाऱ्या आपणा सर्वांच्या कामाचा सगळा अर्थ या प्रश्नात आहे. दाता सणावारी येतो, भूक रोज येते. या दोहोंमधले अंतर भरून काढायचे, ते फूड बँकेने, म्हणजे दानाचे धान्य गोळा करून संस्थांना नियमित पोहोचवणाऱ्या व्यवस्थेने.

साधा हिशेब मांडू. साठ मुलांचे घर, प्रत्येकी रोज ३०० ग्रॅम तांदूळ धरला तर दिवसाला १८ किलो, महिन्याला ५४० किलो, म्हणजे २५ किलोच्या जवळजवळ २२ गोणी. हा शिधा ठरल्या तारखेला दारात उतरला, की व्यवस्थापकाची दारोदारची वणवण थांबते. वाचलेला पैसा औषधांना, फीला, अम्मांच्या पगाराला लागतो. या शहरात राजस्थान यूथ असोसिएशन मेट्रोची फूड बँक १९९३ पासून काम करते आहे. दूरच्या प्रांतातून पोटापाण्यासाठी आलेल्या समाजाने इथल्या भुकेची काळजी वाहावी, हे इथे राहणाऱ्या आपणा मराठी माणसांनाही शिकण्याजोगे आहे.

अर्थात आपली पाटी कोरी नाही. तंजावरचे मराठा राजे सरफोजी यांनी ओरत्तनाडू येथे उभारलेल्या छत्रात वाटसरूंना अन्न मिळे. साताऱ्याकडे कर्मवीर भाऊराव पाटलांच्या वसतिगृहांसाठी घराघरांतल्या बाया दळणातून मूठभर धान्य बाजूला काढत. आणि इथल्या तमिळ भूमीत, वडलूरला संत वल्ललारांनी १८६७ साली पेटवलेली अन्नदानाची चूल आजही विझलेली नाही. त्या चुलीचे मोठेपण तिच्या सातत्यात आहे.

म्हणून माझ्या दोन मागण्या आहेत. पहिली फूड बँकांकडे: सहयोगी संस्थांना आधी विचारा, मग पाठवा. मुलांना उकडा तांदूळ चालतो की कच्चा, वृद्धांना कुठली डाळ पचते, गोण्या ठेवायला कोरडी जागा आहे का, हे विचारणे म्हणजे समोरच्याचा मान राखणे. पावसाळ्यात ओल धरणाऱ्या कोठीला तांदळाआधी लाकडी फळ्या पाठवाव्या लागतात. दुसरी मागणी संस्थांकडे: कोठीची वही चोख ठेवा. उरलेले अन्न गोळा करून वाटण्यासाठी २०१९ पासून देशात नियम आहेत. अन्न कुठून आले आणि कधीपर्यंत खाण्याजोगे आहे, याची नोंद ही कटकट मानू नका. तीच मुलांच्या पोटाची राखण आहे.

शेवटी दात्यांना एक विनंती. वाढदिवसाचे जेवण जरूर द्या. पण निघताना अम्मांना विचारा, "पिंप कधी रिकामे होते?" त्या सांगतील ती तारीख आपल्या कॅलेंडरवर लिहून घ्या आणि दर महिन्याला पाळा.