आकाश कोणाच्या मालकीचें?

(पैठण येथें शेतकरी व कारागीर मंडळींपुढें दिलेलें व्याख्यान)

आजचा आमचा विषय आकाश हा आहे. शेतीभाती, कर्ज, मुलांच्या शाळा हे जवळचे विषय सोडून मास्तर एकदम चांदण्यांत कां शिरले, असें कोणाच्या मनांत येईल. त्याचें उत्तर असें कीं, आकाशाच्या नांवावर आपल्या घरांतून दरसाल पैसा जात आहे. पोर जन्मलें कीं पत्रिका, लग्न ठरूं लागलें कीं मंगळ, बैल दगावला किंवा धंदा बसला कीं शनि! ग्रहांची भीति घालून शेतकऱ्यास जन्मापासून कसें नाडलें जातें, हें जोतिराव फुले यांनीं १८८३ सालच्या 'शेतकऱ्याचा असूड' या ग्रंथांत सांगून ठेवलें आहे. ज्या मालाची किंमत आपण मोजतों तो माल आहे तरी कसा, हें पाहणें गिऱ्हाइकाचें काम आहे. तें आज करूं.

प्रथम आपलें घर पाहूं. साडेतीन फूट व्यासाचें गाडीचें चाक म्हणजे सूर्य समजा. त्या मापानें आपली सारी पृथ्वी हरभऱ्याच्या एका दाण्याएवढी होते, आणि ती चाकापासून सुमारें ११५ मीटरांवर फिरते. मंगळ हा ज्वारीचा दाणा. शनि म्हणजे एक कवठ, तें एक किलोमीटरच्याही पलीकडे. शेवटचा ग्रह नेपच्यून सुमारें साडेतीन किलोमीटरांवर. मग पुढचा तारा कोठें? याच मापानें तो तीस हजार किलोमीटरांवर येतो. म्हणजे पृथ्वीला पाऊण वळसा घालावा तेव्हां कोठें शेजारच्या ताऱ्याचें अंगण लागेल. खऱ्या मापानें सूर्य आपल्यापासून सुमारें पंधरा कोटी किलोमीटर आहे, व त्याचा प्रकाश येथें पोंचण्यास आठ मिनिटांहून थोडा अधिक वेळ लागतो. शेजारच्या ताऱ्याच्या प्रकाशास चार वर्षांहून अधिक लागतात.

आतां नवग्रहांची यादी तपासा. सूर्य हा तारा आहे, ग्रह नव्हे. चंद्र पृथ्वीभोंवतीं फिरणारा उपग्रह आहे. राहु आणि केतु नांवाचे गोल आकाशांत कोठेंच नाहींत. चंद्राची वाट व सूर्याची दिसणारी वाट जेथें एकमेकींस छेदतात ते दोन बिंदु होत. ग्रहण हें सांवल्यांमुळें होतें, हें आर्यभटानें इसवी सन ४९९ मध्यें लिहिलेलें आहे. राहिले पांच. युरेनस १७८१ सालीं व नेपच्यून १८४६ सालीं सांपडले; त्यांची शांति मात्र कोणी सांगत नाहीं.

साडेसातीचा हिशेब तर चौथीच्या मुलास करतां येईल. शनीस सूर्याभोंवतीं एक फेरा करण्यास सुमारें साडेएकोणतीस वर्षें लागतात. त्यास बारा राशींनीं भागा. दर राशीस सुमारें अडीच वर्षें येतात. आपली रास, तिच्या मागची आणि पुढची, मिळून साडेसात. म्हणजे कोणत्याही दिवशीं बारा राशींपैकीं तिहींस साडेसाती असतेच! देशाची वस्ती १४० कोटींच्या वर आहे; त्यांतले पस्तीस कोटी लोक या घटकेस साडेसातींत आहेत. हजार वस्तीच्या गांवांत अडीचशें. एवढें बारमाही गिऱ्हाईक दुसऱ्या कोणत्या दुकानदारास मिळतें? मंगळाचेंही तसेंच. पत्रिकेच्या बारा घरांपैकीं पांच घरांत मंगळ आला कीं मुलगी मंगळी ठरते. बारांत पांच! ज्या मंगळाभोंवतीं २४ सप्टेंबर २०१४ रोजीं आपल्या देशाचें यान जाऊन फिरूं लागलें, त्याच मंगळाच्या नांवानें आपल्या शहाण्यासुरत्या लेकी परत धाडल्या जातात.

यावर कोणी म्हणेल, मास्तर, शास्त्र खरें असेल, तुम्ही पारखून पाहिलें काय? पारख झालेली आहे. २००८ सालीं पुण्यांत जयंत नारळीकर, नरेंद्र दाभोलकर व त्यांचे सहकारी यांनीं शंभर हुशार व शंभर मतिमंद मुलांच्या पत्रिका जमविल्या, आणि त्यांतल्या चाळीस चाळीस ज्योतिष्यांकडे पाठविल्या. हुशार कोण, मतिमंद कोण, एवढेंच सांगावयाचें होतें. सत्तावीस ज्योतिष्यांनीं उत्तरें धाडलीं. शेंकडा ४६ उत्तरें बरोबर आलीं. नाणें उडवून सांगितलें असतें तर शेंकडा ५० आलीं असतीं!

मग आकाशाचें खरें ज्ञान कोणीं मिळविलें? जर्मनींत योसेफ फ्राउनहोफर नांवाचा कांचकाम करणाऱ्याच्या घरचा पोर होता. अकराव्या वर्षीं पोरका झाला, कांचेच्या कारखान्यांत उमेदवारी करूं लागला. १८१४ सालीं त्यानें आपण घडविलेल्या कांचेंतून सूर्यप्रकाशाचे रंग फांकवून पाहिले, तेव्हां रंगांच्या पट्ट्यांत त्याला पांचशेंहून अधिक काळ्या रेघा दिसल्या. पैठणीच्या पदरावरून जाणता विणकर कोणाच्या मागावरची आहे तें ओळखतो. तशा या रेघांवरून तेथें कोणता पदार्थ आहे तें ओळखतां येतें, असें पुढें ठरलें.

या रेघांचा खरा अर्थ लावणारा मनुष्य आपल्याच देशांतला. मेघनाद साहा हे ढाक्याजवळच्या एका खेड्यांतील लहान दुकानदाराचे चिरंजीव. कलकत्त्यास शिकत असतां, खालच्या जातीचा म्हणून वसतिगृहांतील मुलें त्यांना पंक्तीस घेत नसत. त्यांनीं १९२० सालीं, ताऱ्याच्या उष्णतेप्रमाणें त्याच्या रेघा कशा बदलतात, याचें गणित बसविलें. त्याच गणिताच्या आधारें सेसिलिया पेन या तरुण बाईनें १९२५ सालीं दाखविलें कीं, तारे मुख्यत्वें हायड्रोजन या हलक्या वायूचे बनलेले आहेत. बड्या पंडितांनीं आधीं तें मानलें नाहीं. पुढें मानावें लागलें. आणि ऐका! स्वतंत्र भारतास पंचांग सुधारण्यासाठीं समिति नेमावी लागली, तेव्हां तिचे अध्यक्ष हेच साहा झाले. २२ मार्च १९५७ पासून चालू झालेल्या राष्ट्रीय दिनदर्शिकेंत जो शक आहे, त्यास आमच्या पैठणच्या शालिवाहनाचें नांव लोक देतात. ज्याला पंक्तींतून उठविलें त्याच्या हातीं देशानें पंचांग दिलें!

आतां ताऱ्यांच्या पलीकडे चला. आपला सूर्य ज्या आकाशगंगेंत आहे तींत निदान दहा हजार कोटी तारे आहेत. ती एवढी मोठी कीं, तिच्या एका टोंकापासून दुसऱ्या टोंकापर्यंत जाण्यास प्रकाशास सुमारें एक लाख वर्षें लागतात. एवढालीं अंतरें मोजण्याची कुंची अमेरिकेंतील हेन्रिएटा लेव्हिट या बाईनें शोधली. तिला ऐकूं येत नसे. वेधशाळेंत तासावर मजुरी घेऊन ती फोटोच्या कांचा तपाशी. कांहीं तारे ठराविक दिवसांनीं उजळतात व मंदावतात. ज्याचा हा फेरा लांब, त्याचें मूळचें तेज अधिक, असें तिनें १९१२ सालीं दाखविलें. कंदील मुळांत किती उजेडाचा आहे हें कळलें, कीं तो किती मिणमिणता दिसतो यावरून किती दूर आहे तें सांगतां येतें. याच युक्तीनें एडविन हबल यांस १९२३ सालीं कळलें कीं, देवयानी नक्षत्रांतील पुसट ठिपका आपल्या आकाशगंगेच्या बाहेरचा आहे. ती दुसरीच आकाशगंगा. कार्तिक-मार्गशीर्षाच्या अंधाऱ्या रात्रीं, दिव्यांपासून दूर शेतांत उभे राहाल तर तो ठिपका नुसत्या डोळ्यांनीं दिसेल. तो प्रकाश तेथून निघून पंचवीस लाख वर्षें झालीं.

हबल यांचे सोबती मिल्टन ह्यूमेसन यांनीं चौदाव्या वर्षीं शाळा सोडली होती. कॅलिफोर्नियांतील माउंट विल्सन डोंगरावर वेधशाळेचें सामान ते खेचरांवर लादून नेत. १९१७ सालीं तेथेंच झाडलोटीच्या कामावर लागले. दोन वर्षांत त्यांचा हात पाहून त्यांना शास्त्रज्ञांत घेतलें. रात्ररात्र बसून त्यांनीं दूरच्या आकाशगंगांच्या रेघा टिपल्या. त्या रेघा तांबड्या रंगाकडे सरकलेल्या होत्या, म्हणजे त्या आकाशगंगा आपल्यापासून दूर जात होत्या. आणि जी जितकी लांब, ती तितकी वेगानें. असें होणार, हें गणितानें १९२७ सालीं बेल्जममधील झॉर्झ लमेत्र या पाद्र्यानें काढलें होतें. १९२९ सालीं हबल यांनीं तें मापून दाखविलें.

हें समजण्यास तीळ लावलेली बाजरीची भाकर पाहा. माऊली ती थापूं लागली कीं प्रत्येक तीळ दुसऱ्या प्रत्येक तिळापासून दूर जातो. जवळचा थोडा सरकतो, लांबचा जास्त. तीळ चालत नाहींत, भाकर रुंदावते. तसें विश्व रुंदावत आहे. आपली पृथ्वी व सूर्यमाला गुरुत्वाकर्षणानें घट्ट बांधलेली असल्यामुळें त्या ताणल्या जात नाहींत. भाकरीला निदान मधोमध असा एक तीळ असतो. विश्वाला तसा मध्यही नाहीं. 'मध्य आमच्या घरीं, बाकीचे कडेला' असें म्हणण्याचा अधिकार विश्वांत कोणासच नाहीं! हें रुंदावणें उलट मोजीत गेलें म्हणजे विश्वाचें वय सुमारें १३८० कोटी वर्षें येतें. १९९८ सालीं असेंही आढळलें कीं, रुंदावण्याचा वेग वाढत आहे. त्याचें कारण अजून शास्त्रज्ञांस पुरतें उमगलेलें नाहीं, व तसें ते उघड सांगतात.

शास्त्राची रीति हीच. कोल्हापुरांत जन्मलेले नारळीकर हे, विश्वाचा एका महास्फोटानें आरंभ झाला, हें मत २०२५ सालीं मृत्यु येईपर्यंत मानीत नव्हते. जगांतील बहुतेक शास्त्रज्ञ विरुद्ध बाजूस होते. म्हणून कोणी त्यांस वाळींत टाकलें काय? 'पुरावा आणा' एवढेंच दोन्ही बाजू म्हणत राहिल्या. आणि याच पैठणांत, परंपरा सांगते कीं, ज्ञानदेवादि भावंडांस संन्याशाचीं पोरें म्हणून शुद्धिपत्रासाठीं ब्रह्मवृंदापुढें उभें राहावें लागलें. एकीकडे पुरावा विचारतात, दुसरीकडे जन्म विचारतात. आपल्या पोरांनीं कोणत्या दारीं जावें, हें तुम्हींच ठरवा.

बंधुभगिनींनो, आम्ही तीन गोष्टी मागतों. शनि दाखवून कोणी पैसे मागेल त्यास विचारा, 'या घटकेस पस्तीस कोटींस तो लागला आहे, मग माझ्या एकट्याचाच बैल कां मेला?' मंगळाच्या नांवानें कोणाची लेक परत पाठवूं नका. आणि २ ऑगस्ट २०२७ रोजीं दुपारनंतर आपल्याकडे खंडग्रास सूर्यग्रहण आहे. त्या दिवशीं गरोदर लेकीसुनांस अंधाऱ्या खोलींत उपाशी कोंडूं नका. पावसाळी ढगांनीं वाट दिली तर ग्रहणाच्या खास चष्म्यांतून, नाहींतर पुठ्ठ्याच्या बारीक छिद्रांतून भिंतीवर पडणारें सूर्याचें बिंब, मुलांस दाखवा. उघड्या डोळ्यांनीं मात्र सूर्याकडे कोणीं पाहूं नये.

शांतीचे पैसे वांचतील त्यांतून मुलामुलींस पुस्तकें घ्या. कांच घासणाऱ्याचा पोर, दुकानदाराचा मुलगा, खेचरें हांकणारा, मजुरीची बाई, यांनीं आकाश मोजलें. आपल्या घरांत तसें कोणी बसलें आहे कीं नाहीं, हें शाळेंत घातल्यावांचून कळावयाचें नाहीं. एवढें बोलून आम्ही आपली रजा घेतों.