यकृतातील कोठार



वाटेत साप आडवा आला की आपण झटकन मागे सरतो. त्याच क्षणी यकृत आपल्या कोठारातील साखर रक्तात सोडू लागते. हा साठा ग्लायकोजेनच्या रूपाने असतो. फ्रान्सच्या क्लोद बेर्नार यांनी तो १८५७ मध्ये वेगळा करून दाखविला.

पण कोठाराची किल्ली कोणती? १९५५ च्या सुमारास सिएटल येथे एडमंड फिशर व एडविन क्रेब्ज सशाच्या स्नायूंचा अर्क तपासीत होते. अर्क कागदातून गाळला, तर ग्लायकोजेन फोडणारे फॉस्फोरिलेज जागे होई. यंत्रात फिरवून स्वच्छ केला, तर ते निजलेलेच राही. अखेर कळले, की गाळणकागदातून अर्कात उतरणारे कॅल्शियमच ही करामत करीत होते!

यकृतातही हाच न्याय. एरव्ही पेशीतील मोकळे कॅल्शियम बाहेरच्यापेक्षा सुमारे १०,००० पट कमी असते. ॲड्रेनॅलिनचा निरोप येताच पेशीच्या आतील साठ्यांतून ते बाहेर पडते. त्याने फॉस्फोरिलेज कायनेज चेतते आणि फॉस्फोरिलेजला फॉस्फेट जोडून त्याला कामाला लावते. उलट साठा करणारे ग्लायकोजेन सिंथेज फॉस्फेट जडताच मंदावते. म्हणून एकाच वेळी भरणे व उपसणे असा व्यर्थ खटाटोप होत नाही.

फिशर व क्रेब्ज यांना १९९२ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. प्रयोग फसला म्हणून वही मिटू नये, हे मी विद्यार्थ्यांना यावरूनच सांगतो.