सिबिल दुरुस्त करून मिळेल?

पेरणीचे दिवस जवळ आले की मानोऱ्यासारख्या तालुक्याच्या गावात बँकेपुढची गर्दी वाढते आणि एक शब्द सारखा कानावर येतो – सिबिल. ‘तुमचं सिबिल खराब आहे’ असं साहेबांनी सांगितलं की माणूस मान खाली घालून बाहेर येतो. बाहेर त्याला ‘सिबिल दुरुस्त करून देणारा’ भेटतो. कुठं पाच हजार, कुठं आठ, कुठं पंधरा. निम्मे आधी, निम्मे काम झाल्यावर. मी बँकेत नोकरी केली, आता निवृत्त आहे. लोक कागद घेऊन घरी येतात आणि विचारतात, ‘काका, द्यावे का याला पैसे?’

श्रोतेहो, या प्रश्नाचं उत्तर द्यायचं तर आधी दुरुस्त काय करायचं ते पाहिलं पाहिजे. सिबिल ही २००० साली स्थापन झालेली एक कंपनी. कर्जदारांच्या माहितीसंबंधीचा कायदा २००५ साली झाला आणि आज अशा चार कंपन्या आहेत : ट्रान्सयुनियन सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि सीआरआयएफ हाय मार्क. कोणी किती कर्ज घेतलं, हप्ता कधी भरला, कधी चुकवला, हे बँका या कंपन्यांना कळवतात. त्यावरून ३०० ते ९०० या दरम्यान एक आकडा निघतो. पण कंपनी स्वतःच्या मनानं काही लिहीत नाही. बँक कळवते तेच तिच्या वहीत उतरतं आणि बँकेनं मान्य केल्याशिवाय ते बदलत नाही. दुरुस्तीवाल्याकडे या वहीची वेगळी किल्ली नसते. तो जो अर्ज करतो तोच तुम्हीही करू शकता, आणि त्या अर्जाला फी नाही.

पोहरादेवीकडचा एक तरुण माझ्याकडे आला होता. रामनवमीच्या यात्रेला येणाऱ्या भाविकांची ने-आण करण्यासाठी त्याला जुनी गाडी घ्यायची होती. कर्ज नाकारलं गेलं. एजंटानं आठ हजार मागितले, शिवाय आधार, पॅन आणि मोबाइलवर येणारा ओटीपीही. मी म्हटलं, थांब, आधी अहवाल तर पाहू. प्रत्येक कंपनीनं वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट द्यावा, असा रिझर्व्ह बँकेचा नियम २०१७ पासून आहे. स्वतःचा अहवाल पाहिल्यानं आकडा घसरतो ही नुसती अफवा. अहवालात दोन वर्षांपूर्वी फेडलेलं दुचाकीचं कर्ज अजून थकीत दिसत होतं. शेवटचा हप्ता भरल्याची नोंद पुढं गेलीच नव्हती. त्याच्याजवळ बेबाकी दाखला होता. कंपनीच्या संकेतस्थळावर तक्रार नोंदवली, दाखल्याच्या प्रतीसह एक अर्ज कर्ज देणाऱ्या संस्थेला दिला आणि पोच घेतली. महिन्याच्या आत खातं ‘बंद’ दिसू लागलं. खर्च झाला तो झेरॉक्सचा.

महिना म्हणतो त्यालाही कारण आहे. तक्रारीचा निकाल तीस दिवसांत लागला पाहिजे. नाही लागला, तर पुढच्या प्रत्येक दिवसाला शंभर रुपये भरपाई तक्रारदाराला द्यायची, हा नियम एप्रिल २०२४ पासून लागू झाला. त्यानंतरही दाद मिळाली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. सप्टेंबर २०२२ पासून या माहिती कंपन्याही लोकपालाच्या कक्षेत आल्या आहेत. तिथंही फी नाही. १४४४८ या क्रमांकावर माहिती मिळते.

आता दुसरी बाजू. त्याच तरुणाचा चुलतभाऊ आला. त्याचं कर्ज खरोखर थकलं होतं. बँकेनं एकरकमी तडजोडीत काही रक्कम सोडली, त्याला वाटलं विषय संपला. अहवालात मात्र ‘बंद’ऐवजी ‘तडजोड’ अशा अर्थाची नोंद आली. ही चूक नव्हे, खरी नोंद आहे. ती कोणी पुसून देतो म्हणाला तर तो खोटं बोलतो. सोडलेली रक्कम भरून बँकेकडून खातं पूर्ण फेडल्याचं कळवून घेणं, नाहीतर नवे छोटे हप्ते वेळेवर भरत राहणं, एवढेच मार्ग उरतात आणि दोन्हींना वेळ लागतो. तडजोडीच्या कागदावर सही करण्यापूर्वीच ‘अहवालात काय लिहाल?’ हे विचारून घ्यावं. २०१७ आणि २०१९ च्या कर्जमाफीत नाव आलेल्यांनीही आपली नोंद आपोआप साफ झाली असं धरून चालू नये, अहवाल काढून पाहावा. पीक कर्जासाठी सिबिलचा आग्रह धरू नका असं राज्य सरकारनं बँकांना वारंवार बजावलं आहे, पण गाडी, घर, दुकान यांच्या कर्जाला तो आकडा पाहिला जातोच.

अमेरिकेत १९९६ च्या कायद्यानं अशा दुरुस्तीवाल्यांना काम पुरं होण्याआधी पैसे घ्यायला बंदी घातली. आपल्याकडे या धंद्यासाठी तसा वेगळा कायदा नाही, म्हणून ‘निम्मे आधी’ हे शब्द कानावर आले की उठून यावं.

मग जाणकाराला पैसे कधीच देऊ नयेत का? तसं नाही. तुमच्या कागदांवर भलत्यानंच कर्ज उचललं असेल, सही खोटी असेल, बँक ऐकत नसेल, तर प्रकरण पोलिस ठाण्यात आणि कोर्टात जातं. तिथं वकिलाची फी वाया जात नाही. स्त्रियांना आणि अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना तर उत्पन्नाची अट न लावता विधी सेवा समितीकडून मोफत वकील मिळतो. वाचता-लिहिता येत नसेल तर सेवा केंद्रात अर्ज भरून घ्यायला पन्नास-शंभर रुपये द्यायलाही हरकत नाही. मात्र ओटीपी कोणाच्या हाती देऊ नका आणि तक्रारीत मोबाइल क्रमांक आपलाच लिहा, एजंटाचा नको. पुढची सगळी उत्तरं त्याच क्रमांकावर येतात.

अहवाल हाती आला की सगळी पानं वाचा. आपण कोणाला जामीन राहिलो होतो तेही त्यात सापडतं. मेव्हण्यानं थकवलेल्या ट्रॅक्टरची बातमी कित्येकांना तिथंच पहिल्यांदा कळली आहे.